कापलेले मुक्काम

प्रश्न मुलुंडच्या एका बाईंचा आहे. त्यांचा अकरावीतला मुलगा आणि त्याचे तीन मित्र दिवाळीच्या सुट्टीत 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग एक्स्टेंडेड कटमध्ये, एका दिवसात, ओळीने बघणार आहेत. बाईंनी हे सिनेमे आले तेव्हा थिएटरात पाहिले होते आणि त्यांना ते आवडलेही होते. त्या विचारतात, "तेव्हाच तीन-तीन तासांचे होते, शेवटचा तर संपता संपत नव्हता. त्यात आणखी भर घालून बघण्यात या मुलांना एवढं काय मिळतं? एडिटरने कापलेलंच परत जोडायचं असेल, तर एडिटरने केलं काय? आणि मीही त्यांच्याबरोबर बसले तर कोणता कट लावायला सांगू?"

ताई, मी सव्वीस वर्षं एडिटिंग करतोय. सुरुवात स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म कापायच्या टेबलावर, असिस्टंट म्हणून झाली, फिल्मच्या तुकड्यांवर चायनाग्राफ पेन्सिलने खुणा करायच्या आणि ते तुकडे ट्रिम बिनमध्ये नीट लटकवून ठेवायचे. आता अंधेरीत सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं. तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचं देता येणार नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

प्रेक्षकाला वाटतं, कापलं म्हणजे टाकाऊ होतं. आमच्या टेबलावर तसं नसतं. काही सीन खरंच जमलेले नसतात, ते जातात आणि कुणाला त्यांची आठवणही राहत नाही. काही सीन दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून जातात. 'शोले'चा मूळ शेवट असा होता की ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो. १९७५ साली सेन्सॉरला ते चाललं नाही आणि शेवटी पोलीस आणावे लागले. तो मूळ शेवट पुन्हा जोडलेली प्रत २०२५ मध्ये पडद्यावर आली, म्हणजे पन्नास वर्षांनी. आणि तिसऱ्या प्रकारचे सीन चांगले असतात, कुणाचा विरोधही नसतो, फक्त वेळात बसत नाहीत. या तिसऱ्या प्रकारचं दुःख एडिटरच्या मनात सगळ्यात जास्त काळ राहतं, आणि एक्स्टेंडेड कट जिथे उत्तम जमतो तिथे तो याच तिसऱ्या ढिगातून उभा राहिलेला असतो.

'शोले'चं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगतो. त्याचे एडिटर एम. एस. शिंदे. त्या सिनेमाला फिल्मफेअर एकच मिळालं, ते शिंद्यांना. सचिन पिळगावकरांनी साकारलेल्या अहमदच्या खुनाचा सीन शूट झाला होता, पण सिनेमात नाही. सिनेमात काय आहे? गब्बर आडवा पडलाय, त्याच्या हातावरून एक मुंगी चाललीय. तो ती चिरडतो. आणि पुढे अहमदचं प्रेत पाठीवर घेऊन घोडा गावात येतो. इथे कापणं हेच सांगणं आहे. म्हणून "लांब कट म्हणजे खरा कट" असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. काय कापलं आणि कशासाठी कापलं, हे बघावं लागतं.

आता वेळेचं. मुंबईत सिंगल स्क्रीनच्या काळात खेळ लागायचे बारा, तीन, सहा, नऊ. तीन तासांच्या त्या चौकटीत सिनेमा, इंटरव्हल, ट्रेलर, झाडू मारणं आणि पुढच्या पब्लिकला आत घेणं हे सगळं बसवायचं. सिनेमा सव्वातीन तासांचा झाला की दिवसाचा एक खेळ जातो आणि रात्रीच्या खेळाला लोक शेवटच्या लोकलचं टेन्शन घेऊन बसतात. जगभर थोड्याफार फरकाने हेच गणित आहे. 'द फेलोशिप ऑफ द रिंग' २००१ साली थिएटरात आला तो १७८ मिनिटांचा, पुढच्या वर्षीचा 'द टू टॉवर्स' १७९ मिनिटांचा. दोन्ही तीन तासांच्या रेषेच्या एक-दोन मिनिटं अलीकडे थांबतात. हा योगायोग नाही, कुणीतरी टेबलावर बसून ती रेषा पाळलेली आहे. तिसरा 'द रिटर्न ऑफ द किंग' २०१ मिनिटांचा आला, कारण तोपर्यंत लोक येणार याची खात्री झाली होती.

एक्स्टेंडेड कटमध्ये हेच तीन भाग अनुक्रमे २०८, २२३ आणि २५१ मिनिटांचे आहेत. म्हणजे ३०, ४४ आणि ५० मिनिटांची भर, एकूण दोन तासांहून थोडी जास्तच. तिन्ही सिनेमे न्यूझीलंडमध्ये एका दमात शूट झाले, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००. त्यामुळे तिन्हींचं फुटेज सुरुवातीपासून हाताशी होतं, आणि त्यात भरपूर काही चांगलं होतं जे १७८ मिनिटांत मावणारच नव्हतं.

एवढ्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, हे मला माहीत आहे. चांगलं फुटेज उरलं म्हणून माणूस चार तास बसत नाही. त्यासाठी मला कोकणात जावं लागेल.

आमचं मूळ गाव कुडाळजवळ. लहानपणी जत्रेला गेलो की दशावतार बघायचो. पालखीची प्रदक्षिणा होऊन नाटक उभं राहायला मध्यरात्र उलटायची. मग आधी आडदशावतार, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर, आणि त्यानंतर आख्यान. पेटी, पखवाज, झांज. लिहिलेलं नाटक नसतंच, कथानक ठरलेलं, बोलणं प्रत्येकाचं जागेवरचं. राजा दरबारात येऊन स्वतःची ओळख करून द्यायला अर्धा तास घ्यायचा. राणी त्याला निरोप द्यायची तेव्हा दोन पदं व्हायची. आम्ही पोरं मध्येच झोपायचो, युद्धाचा पखवाज वाजला की उठायचो. पहाटे राक्षस मरायचा तेव्हा अंगावर घोंगडी असायची आणि समोरचा राजा आपल्या घरातला कुणी वाटायचा. रात्रभर त्याच्याबरोबर काढलेली असायची.

तेच नाटक परळच्या दामोदर हॉलात बघितलं. नट तेच, पखवाजी तोच. पण हॉल ठराविक वेळेत रिकामा करून द्यायचा, म्हणून आडदशावतार दहा मिनिटांत उरकला, राजाची ओळख पाच मिनिटांत, राणीचं एक पद गेलं. युद्ध मात्र पूर्ण झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण राजा जखमी झाला तेव्हा पोटात जे व्हायचं ते झालं नाही. प्रसंग सगळे तेच होते, मधले मुक्काम गेले होते.

महाकथेचं हे आहे, ताई. ती घटनांवर चालत असली तरी उभी असते मुक्कामांवर. कुठे थांबले, कुणी जेवू घातलं, निघताना कुणी काय हातात दिलं, मेलेल्यासाठी कोण रडलं. वेळ कमी पडला की एडिटर सगळ्यात आधी हेच काढतो, कारण हे काढल्याने गोष्ट कळायची थांबत नाही. मीही काढतो, प्रत्येक एडिटर काढतो. थिएटरच्या कटमध्ये गोष्ट कळते, एक्स्टेंडेड कटमध्ये त्या माणसांबरोबर राहायला मिळतं. माझ्या मते या मुलांना मिळतं ते हे, लढाई पाच मिनिटं जास्त बघायला मिळते म्हणून ती बसत नाहीत.

नुसतं बोलण्यापेक्षा दोन-तीन जागा दाखवतो, मुलांबरोबर बसलात तर तिथे लक्ष द्या.

'टू टॉवर्स'मध्ये फॅरामिर आठवतो का? सगळ्यांना मोह घालणारी अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला आणि त्याचा सोबती सॅमला पकडून नेतो तो गोंडोर राज्याचा सरदार. थिएटरात बघताना तो मला कोरडा वाटला होता. अंगठी सापडल्यावर तो साधारण असं म्हणतो की गोंडोरच्या सरदाराला, फॅरामिरला, आपली लायकी दाखवायची संधी आली आहे. थिएटरच्या कटमध्ये हे वाक्य बढाईसारखं ऐकू येतं, माणूस लोभी वाटतो. एक्स्टेंडेड कटमध्ये याच्या आधी पाचेक मिनिटांचा एक सीन आहे, फॅरामिरची आठवण. त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने, बोरोमिरने, एक शहर परत जिंकलंय. सैनिक जल्लोष करतायत, दोघं भाऊ हातात पेले घेऊन हसतायत. एवढ्यात वडील येताना दिसतात. भावांचे चेहरे बघा तिथे. बोरोमिरचं हसू मावळतं, घटकाभर निवांत बसू देत नाहीत असं तो पुटपुटतो. वडील, म्हणजे डेनेथॉर, थोरल्याला मिठीत घेतात आणि धाकट्याला सगळ्यांदेखत खाली पाडून बोलतात. अंगठी आणायला बोरोमिरने जावं असा त्यांचा हुकूम असतो. बोरोमिरला जायचं नसतं, माझी जागा इथे माझ्या लोकांत आहे म्हणतो. फॅरामिर म्हणतो, मला पाठवा. आणि तेव्हा वडील टोमणा मारतात: अच्छा, म्हणजे गोंडोरच्या सरदाराला, फॅरामिरला, आपली लायकी दाखवायची संधी हवी आहे.

तेच वाक्य. आता पुढे अंगठीसमोर उभं राहून फॅरामिर ते उच्चारतो तेव्हा बढाई उरत नाही, बापाचा टोमणा पोराच्या तोंडून बाहेर पडतोय हे ऐकू येतं. त्या शॉटमध्ये काहीही बदललेलं नाही. एक फ्रेम नाही, एक शब्द नाही. आधीची पाच मिनिटं परत आली आणि नंतरच्या वाक्याचा अर्थ फिरला. एडिटिंगची ताकद कशात आहे असं नवीन मुलं विचारतात तेव्हा मी हीच जागा लावून दाखवतो.

त्याच सीनचा परिणाम मागेही जातो. पहिल्या भागात बोरोमिर अंगठीसाठी फ्रोडोवर झडप घालतो. थिएटरात तो मोहाला बळी पडलेला माणूस होता. आता कळतं की त्याला या प्रवासाला यायचंच नव्हतं, बापाने पाठवला म्हणून तो आला. आणि डेनेथॉर थिएटरच्या कटमध्ये थेट तिसऱ्या भागातच भेटतो. तिथे तो धाकट्याला मरायला पाठवतो तेव्हा ही कटुता आली कुठून, याचा पत्ता लागत नाही. एक सीन काढला आणि एका घरातली तीन माणसं अर्धी झाली.

दुसरी जागा छोटी आहे. पहिल्या भागात फ्रोडो आणि त्याचे सोबती गॅलाड्रिएल राणीच्या वनातून निघतात. थिएटरात फ्रोडोला मिळालेली प्रकाशाची कुपी दिसते, बाकीच्यांचा निरोप उरकलेला असतो. लांब कटमध्ये प्रत्येकाला काही ना काही मिळतं. सॅमला दोरखंड मिळतो, आणि तोच दोर पुढच्या भागात कामाला येतो. पण माझा जीव अडकतो तो गिम्लीच्या भेटीत. बुटका, कुऱ्हाडवाला, या वनातल्या लोकांवर आधी खार खाऊन असलेला. त्याने काय मागितलं ते आपल्याला नंतर नावेत कळतं. तो लेगोलसला, त्या वनातल्या लोकांच्याच जमातीतल्या सोबत्याला, सांगतो की तिच्या डोक्यावरचा एक केस मागितला, तिने तीन दिले. लेगोलस हसतो. बस, एवढंच. केस हातात पडताना दिसत नाहीत, फक्त सांगणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि ऐकणाऱ्याचं हसू. दोन वैरी जमातींच्या या दोघांची मैत्री पुढचे दोन सिनेमे चालते, ती या नावेत पक्की होते.

तिसरी जागा रोहन राज्याच्या राजपुत्राच्या अंत्यविधीची. थिएटरात आपण थेट थेओडेन राजाला मुलाच्या थडग्यापाशी भेटतो. लांब कटमध्ये प्रेत नेतात, आणि राजाची भाची एओविन त्यांच्या भाषेत विलाप गाते. शब्द एकही कळत नाही. गावाकडे बायका गळ्यात पडून रडताना जे सूर लावतात ते ज्याने ऐकलेत, त्याला शब्द कळायची गरजही नाही. यानंतर राजा म्हणतो की बापाने पोराला पुरावं लागू नये. थिएटरातही तो हेच म्हणतो, पण इथे ते आपण अंत्ययात्रेतून चालत आल्यावर ऐकतो.

अशी भर नुसती जोडता येत नाही, हेही सांगायला हवं. डीव्हीडीवर 'डिलीटेड सीन्स' म्हणून जे असतं ते बहुतेकदा अर्धवट असतं. आवाज कच्चा, रंग न केलेला, मागे संगीत नाही. ते बघताना आपण सिनेमा बघत नसतो, कोठार बघत असतो. या तीन सिनेमांच्या वेळी वाढवलेल्या सीनसाठी हॉवर्ड शोअर यांनी नव्याने संगीत दिलं, इफेक्ट्स पूर्ण केले गेले, साउंड पुन्हा मिक्स झाला. सीन मध्ये घुसवला की त्याच्या दोन्ही बाजूंचे सीनही बदलावे लागतात. आधी ज्या सुरावर एक सीन संपून दुसरा सुरू होत होता, त्या सुराच्या मधोमध आता पाच मिनिटं आली. संवाद आधीच्या चित्रावर सुरू व्हायचा, तो आता भलत्याच चित्रावर पडतो. प्रत्येक सांधा उकलून पुन्हा शिवायचा. शिवण नीट झाली तर बघणाऱ्याला कुठे काय जोडलंय ते कळत नाही, आणि इथे बहुतेक ठिकाणी कळत नाही. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी याला 'डायरेक्टर्स कट' म्हटलेलं नाही, हेही लक्षात ठेवा. थिएटरची आवृत्तीही त्यांच्या मनासारखीच होती. म्हणून एक खरी आणि दुसरी खोटी, असं भांडण इथे नाही.

उलट उदाहरण १९८४च्या 'ड्यून'चं. सव्वादोन तासांचा सिनेमा. १९८८ मध्ये टीव्हीसाठी तो जवळपास तीन तासांचा करण्यात आला, सुरुवातीला चित्रं दाखवून निवेदन घालण्यात आलं. दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी त्यावरून स्वतःचं नाव काढून घेतलं, तिथे ॲलन स्मिथी हे टोपणनाव आलं. सिनेमा लांब झाला आणि कुणाच्याच मालकीचा राहिला नाही.

आता जिथे या तिन्ही सिनेमांतली भर मला खटकते तेही सांगतो, नाहीतर हे उत्तर नुसती आरती होईल. माझी एक साधी परीक्षा आहे. भर घातल्यावर माणूस वाढला, की नुसती घटना वाढली? माणूस वाढला असेल तर चार मिनिटं जड होत नाहीत. घटना वाढली असेल तर एक मिनिटही जास्त होतं.

'रिटर्न ऑफ द किंग'मध्ये काळी जहाजं बंदराला लागतात. शत्रूला वाटतं आपली कुमक आली, आणि जहाजातून फ्रोडोचा सोबती ॲरागॉर्न आणि त्याच्यामागे मेलेल्यांचं सैन्य उतरतं. थिएटरात या जागी पब्लिकने शिट्ट्या मारल्या होत्या, मी स्वतः ऐकल्यात. लांब कटमध्ये याच्या आधीच जहाजं ताब्यात घेण्याचा प्रसंग दाखवलाय. म्हणजे जहाजात कोण आहे ते आपल्याला ठाऊक असतं. एका घटनेची भर घातली आणि सिनेमातला उत्तम धक्का हातचा गेला.

दुसरं त्याहून वाईट. काळ्या दरवाजापाशी शत्रूचा दूत बाहेर येतो, फ्रोडोचं चिलखत दाखवून तो मेला असं सांगतो. ॲरागॉर्न घोडा पुढे घेतो आणि त्या दूताचं मुंडकं उडवतो. बघताना मी खुर्चीत ताठ झालो. आपण लहानपणापासून ऐकलंय की दूत अवध्य असतो. रावणाच्या भर दरबारात बिभीषण हेच सांगतो, आणि लंका जाळणारा मारुती त्या एका नियमावर जिवंत सुटतो. रावणाच्या दरबारातही पाळला गेलेला नियम इथे होऊ घातलेला राजा मोडतो. हा सीन थिएटरच्या कटमधून गेला ते उत्तम झालं होतं.

सारुमानचा मृत्यू मात्र मधला मामला आहे. दुसऱ्या भागात एवढा मोठा शत्रू, आणि तिसऱ्याच्या थिएटर कटमध्ये चांगल्या बाजूचा जादूगार गॅन्डाल्फ त्याची आता काही ताकद उरली नाही म्हणून विषय संपवतो. सारुमान साकारणाऱ्या ख्रिस्तोफर ली यांना याचं फार वाईट वाटलं होतं आणि ते उघड होतं. लांब कटमध्ये सारुमान मनोऱ्यावरून बोलतो, त्याचाच नोकर त्याच्या पाठीत खंजीर खुपसतो, तो खाली पडतो. नटाला न्याय मिळाला. पण नवा सिनेमा सुरू होताच मागच्या सिनेमाची उधारी फेडत बसावं लागतं, त्यामुळे गाडी उशिरा सुटते. मी एडिटर असतो तर थिएटरसाठी मीही काढला असता. घरी बघताना मात्र मला तो हवाच असतो.

आणि 'द हॉबिट'च्या तीन भागांचे एक्स्टेंडेड कट मुलांनी नंतर आणले तर माझं मत आधीच सांगून ठेवतो. १३, २५ आणि २० मिनिटांची भर आहे. पण तिथे एका छोट्या पुस्तकाचे आधीच तीन सिनेमे झालेले. ताणलेल्या कापडाला आणखी ताण. मुक्काम हवेत ते दमछाक करणाऱ्या वाटेवर, पायरीपायरीवर नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये 'बाहुबली'चे दोन भाग एकत्र करून पावणेचार तासांचा एकच सिनेमा आणला, म्हणजे उलट्या दिशेने प्रवास, सवापाच-साडेपाच तासांतून कापत. त्यातही लोक गेले. भुकेचं मोजमाप मिनिटांत होत नाही, हे दोन्हीकडून दिसतं.

वेळ कमी पडल्याने काय जातं ते मी माझ्या टेबलावरही भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमाचं काम करत होतो. मुलगा पहिल्यांदा मुंबईला निघालाय. पहाट, चूल, आई भाकरी बांधते. फडक्याला गाठ मारते, थांबते, गाठ सोडते, अजून एक भाकरी ठेवते, परत गाठ मारते. पन्नास सेकंदांचा एकच शॉट, कॅमेरा हलत नाही. सिनेमा दोन तासांच्या आत आणा असा वितरकाचा आग्रह होता, शो वाढतात म्हणून. मी दोन दिवस इकडून-तिकडून सेकंद गोळा केले आणि शेवटी तो शॉट काढला. आईचा चेहरा, लगेच एसटी सुटते. एकदम स्वच्छ कट, कुणाला काही जाणवलं नाही. पण सिनेमाच्या शेवटी तो मुलगा मुंबईच्या खोलीत ते फडकं उलगडतो. स्क्रीनिंगला मी प्रेक्षकांकडे बघत होतो. फडकं उलगडलं आणि समोर काही हललं नाही. त्यांनी ती गाठ मारलेली पाहिलीच नव्हती. पुढच्या सीनवर लोक चुळबुळले, आणि मला कळलं की पन्नास सेकंद वाचवून मी शेवटची चार मिनिटं घालवली. तो सिनेमा परत कधी उघडला गेला नाही. लहान सिनेमांच्या नशिबी दुसरी आवृत्ती नसते. म्हणून ज्यांना ती मिळाली, त्यांचं काम मी इतक्या बारकाईने बघतो.

मुलांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. लांब कट बहुतेक जण दुसऱ्यांदा बघताना लावतात. पहिल्या वेळी पुढे काय होणार याची ओढ असते, तेव्हा मुक्काम नडतात. दुसऱ्यांदा ती ओढ संपलेली असते आणि माणूस आजूबाजूला बघायला मोकळा होतो. आपल्याकडे रामकथेचा शेवट कुणाला माहीत नसतो? तरी कीर्तनाला लोक बसतात, बुवा अमुक प्रसंग कसा रंगवतात ते बघायला. या मुलांना फ्रोडोचं काय होणार ते पाठ आहे. त्यांना त्या वाटेवर पुन्हा चालायचंय, आणि मित्रांबरोबर चालायचंय. अकरावीत असताना मिळालेला असा दिवस पुढे फार वर्षं पुरतो.

आमच्या पिढीच्या असिस्टंटांसाठी या संचांचं आणखी एक मोल होतं. प्रत्येक भागाच्या चार डिस्क, दोनवर सिनेमा, दोनवर तो कसा केला याचे माहितीपट. मॉडेल कसं बांधलं, आवाज कुठून आणला, कोणता सीन का गेला. मला पहिला संच एका मित्राने परदेशातून आणून दिला होता. आम्ही सहा जण गोरेगावच्या एका खोलीत बसून ते बघायचो आणि वहीत टिपणं काढायचो. फिल्म इन्स्टिट्यूटची फी परवडत नव्हती त्या दिवसांत ती वही आमची शाळा होती. मुलांच्या हाती डिस्कचा संच आला तर सिनेमा संपल्यावर त्या दोन डिस्क जरूर लावायला सांगा. स्ट्रीमिंगवर हे बहुतेकदा मिळत नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, कोणता कट. तुम्ही आधी पाहिलेत, म्हणजे पहिला आणि दुसरा भाग बेधडक लांब बघा. दुसऱ्यात तर फॅरामिरमुळे लांबच बघावा असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्याच्या बाबतीत जहाजाचा धक्का पुन्हा अनुभवायचा असेल तर थिएटरचा, सारुमानचा हिशेब पूर्ण करायचा असेल तर लांब. मुलांच्या मित्रांपैकी कुणी हे सिनेमे पहिल्यांदाच बघणार असेल तर त्याच्यासाठी तिसरा भाग थिएटरचाच लावा, अशी माझी विनंती राहील.

खोक्यावर २२८, २३५, २६३ असे आकडे दिसले तर गोंधळू नका. शेवटी फॅन क्लबच्या सभासदांची नावं सरकतात, त्यांचा वेळ त्यात धरलेला असतो. प्रत्यक्ष सिनेमा तिन्ही मिळून ११ तास २२ मिनिटांचा. सकाळी आठला सुरू केलं आणि जेवणाखाण्याला वेळ दिला तर रात्री दहापर्यंत होतं. मला विचाराल तर तीन संध्याकाळी तीन भाग जास्त बरे, पण एका दिवसात बघण्याचा त्यांचा हट्ट मोडू नका.

इंटरव्हल मात्र नीट घ्या. फोर्टातल्या एका थिएटरात पहिला भाग बघताना वाक्याच्या मध्येच दिवे लागले होते, कारण बाहेरच्या सिनेमांत इंटरव्हलची जागा नसते आणि इथे कुठेतरी कापून ती करतात. लांब कट दोन डिस्कवर विभागलाय. पहिल्या भागाची पहिली डिस्क एलरॉन्डच्या सभेनंतर संपते, नऊ जण निघायचं ठरतं तिथे. जेवायला उठायची योग्य जागा तीच आहे. स्ट्रीमिंगवर बघत असाल तरी तिथेच थांबवा.

आणि रात्री तिसरा भाग संपून मित्र आपापल्या घरी गेले की मुलाला पहिल्या भागाचा शेवट परत लावायला सांगा. बोरोमिर सरपण गोळा करत फ्रोडोपाशी येतो तिथपासून, झाडाला टेकून शेवटचा श्वास घेतो तिथपर्यंत. तो काय बोलतो ते तुम्हाला आधीपासून माहीत आहे. आता त्याच्यामागे उभा असलेला त्याचा बापही तुम्हाला दिसेल.